यंत्राला न दिसलेली मेंढरं

मी नेमकं काय काम करते हे आईला मी कितीदा तरी समजावून सांगितलं, पण शेजारणीला ती एवढंच सांगते, "पोरगी कंप्युटरवर रानं मोजती." ते फारसं चूकही नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. उपग्रहानं वरून काढलेले फोटो पडद्यावर उघडायचे आणि त्यात जे दिसेल त्याच्याभोवती रेघ ओढायची. हे घर, हा रस्ता, हा ऊस, हे तळं. अशा हजारो रेघा ओढल्या की त्या बघून कंप्युटर स्वतः ओळखायला शिकतो. या प्रकाराला मशीन लर्निंग म्हणतात आणि जे शिकतं त्याला मॉडेल. माझ्या आधीपासून तिथं काम करणारा एक सहकारी आहे, मी त्याला दादा म्हणते. मॉडेल लिहिण्याचं काम त्याचं. शहरातल्या विणकरांच्या वस्तीत तो वाढला. यंत्रमागांच्या खडखडाटात अभ्यास केल्यामुळं असेल, कितीही गोंधळ चालू असला तरी त्याचं लक्ष हलत नाही. आईशी फोनवर तेलुगूत बोलतो, माझ्याशी मराठीत, आणि मॉडेल बिघडलं की कुणाशीच बोलत नाही.

माझं माहेर सांगोल्याकडचं. घरात मेंढरं होती. मी कॉलेजात जाईपर्यंत आबा, म्हणजे माझे वडील, शंभर-सव्वाशे मेंढरं घेऊन हिंडायचे. शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्याबरोबर रानातच काढल्या. पुढं त्यांचे गुडघे गेले तेव्हा खांड, म्हणजे तो सगळा कळप, विकला आणि आता दारात चार शेळ्या आहेत. भूगोलात पदवी घेऊन मी सोलापूरला आले, या नोकरीला लागले, आणि मेंढरांचा आणि माझा संबंध संपला असं मला खरंच वाटत होतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता सीना नदीला पूर आला. आमच्याकडं पाऊस म्हटलं की लोक आभाळाकडं आशेनं बघतात. इतक्या पाण्याची कुणाला सवयच नाही. पाऊस थांबेना, वरच्या धरणांतून पाणी सोडत होते, आणि खाली भीमाही भरून चालल्यामुळं सीनेचं पाणी पुढं सरकायला जागा नव्हती. ते आडवं पसरत ओढ्यांतून उलटं शिरलं. आमच्या ऑफिसला सरकारी आपत्ती कक्षातून बोलावणं आलं. दादा आणि मी आमचे कंप्युटर गाडीत घालून तिकडं गेलो आणि पुढचे सहा दिवस तिथंच बसलो.

कक्षाचे प्रमुख एक पन्नाशीचे अधिकारी होते. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला विचारलं, "आभाळ असं भरलेलं असताना तुमचा उपग्रह बघणार काय?"

दादानं रडारचा फोटो दाखवला. रडारला ढग आडवे येत नाहीत. शांत पाणी त्यात काळं कुळकुळीत दिसतं आणि कोरडी जमीन करडी. मॉडेलनं त्या काळ्या भागाची कड आखली आणि ती गावांच्या नकाशावर ठेवली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ तोंड नेलं. एका बंधाऱ्यामागं एक वस्ती चारी बाजूंनी वेढलेली दिसत होती. तिथून कुणाचाही फोन आला नव्हता, कारण टॉवरच बंद होता. साहेबांनी बोट पाठवली. लोक छतावर सापडले आणि सगळे सुखरूप बाहेर आले. त्यानंतर साहेबांनी उपग्रहाबद्दल शंका काढली नाही. दर थोड्या वेळानं ते स्वतःच येऊन विचारायचे, "नवीन फोटो आला का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला ढग जरा फाटले आणि नेमका त्या वेळी एक उपग्रह वरून गेला. साधा फोटो मिळाला, पण अतिशय बारीक तपशिलाचा. झाडाची सावली, उभी बैलगाडी असलं सगळं दिसावं असा. मंद्रूपच्या पुढं सीना आणि भीमा यांच्या मधला पट्टा त्यात आला होता. मॉडेलला आम्ही एकच काम दिलं होतं. पाण्यानं वेढलेली छपरं शोधायची आणि ज्यांना धोका जास्त ती आधी, अशी यादी करायची. चहा संपेपर्यंत यादी तयार झाली. ती नजरेखालून घालणं माझ्याकडं होतं. मॉडेल कधी कडब्याच्या गंजीला घर म्हणतं, कधी पोल्ट्रीच्या शेडला शाळा. तसलं काढून टाकायचं.

मी एकेक छप्पर तपासत चालले होते. दोन छपरांच्या मध्ये, पाण्यात, माळाचा एक तुकडा राहिला होता. लांबट, वर थोडी झुडपं. तिथं छप्पर नव्हतं म्हणून मॉडेलनं तो मोकळा सोडला होता, आणि मीही पुढं जाणार होते. पण हात थांबला. माळाच्या एका अंगाला मळकट पांढरा, गोलसर डाग होता. भिजलेलं घोंगडं अंथरून ठेवावं तसा. त्याच्या शेजारी निळा ठिपका.

मी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला. डागाची कड दाणेदार होती. कडेनं एक बारीक, सरळ रेघ चौकोनात फिरली होती.

"दादा," मी म्हटलं, "हे काय वाटतंय तुला?"

तो खुर्ची सरकवून आला. "मुरमाचा ढीग असेल. किंवा चुनखडी. मॉडेल काय म्हणतंय?"

"इतर."

"मग इतर."

ते ऐकताना "इतर" हे कुणी शिकवलं ते मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी मॉडेलला शिकवण्यासाठी आम्ही सोलापूरच्या भोवतालचे शेकडो फोटो उघडले होते, आणि त्यांत असे डाग मला कितीतरी दिसले होते. खतासाठी शेतात बसवलेली मेंढरं, भोवती जाळी. तेव्हा ती मी बघताक्षणी ओळखली होती. आमच्याकडं नावांची ठरलेली यादी होती, घर, रस्ता, पाणी, पीक, झाडी, आणि शेवटी इतर. मेंढरांसाठी नाव नव्हतं. ते वाढवून मागायला हवं होतं. पण त्या दिवसांत मी नवीन होते आणि ऑफिसात सगळे इंग्रजी पुस्तकं वाचलेले. आपलं घर मेंढरांचं, हे तिथं आपणहून सांगायला मला लाज वाटायची. मी गुपचूप प्रत्येक खांडाभोवती रेघ ओढली आणि "इतर" लिहिलं. मॉडेलनं ते मन लावून शिकून घेतलं होतं.

मी फोटोचा तेवढा भाग कापून आबांना पाठवला आणि लगेच फोन लावला.

"आबा, फोटो बघितला का?"

"बगतोय की. चष्मा कुटं ठिवलाय तुज्या आईनं." थोडा वेळ नुसती खुडबूड ऐकू आली. मग ते म्हणाले, "कुटलं रान हे?"

"मंद्रूपच्या पुढं. पूर आलाय तिथं. आबा, ही मेंढरंच आहेत ना?"

"मेंढरंच हायती. कडंनं वाघर लावलीया." वाघर म्हणजे मेंढरांभोवती खुंट्यांवर बांधतात ती जाळी. मी पाहिलेली सरळ रेघ तीच. "पर पोरी, वाघर मोठी हाय आन् मेंढरं एका कोपऱ्यात गोळा झाल्यात. भ्याल्यात ती."

"माणूस असेल का तिथं? दिसत तर नाही कुणी."

"निळं काय हाय त्ये?"

"ताडपत्री असेल."

"मग इचारतीस काय? मेंढरं आपल्या हातानं वाघर बांदत्यात व्हय? आन् माणूस सोडून गेला असता तर वाघर मोकळी करून गेला असता. बांदलेल्या मेंढरांला पुराच्या पाण्यात कोन ठिवून जातंय? माणूस तितंच हाय. ताडपत्रीखाली हाय." आणि पुढं म्हणाले, "तुजं सायेब असतील त्यास्नी सांग. पर येळ घालवू नगंस."

मी साहेबांकडं गेले. त्या भागात तेव्हा दोनच बोटी होत्या आणि दोन्ही कामात होत्या. साहेबांनी फोटो पाहिला, माझ्याकडं पाहिलं.

"नक्की माणसं आहेत?"

"नक्की सांगता येणार नाही, साहेब. माणूस दिसत नाहीये. पण वाघर बांधलेली आहे."

"मॉडेलच्या यादीत आहे का हे?"

"नाही. मॉडेलला मेंढरं शिकवलेलीच नाहीत." मी जरा घुटमळले, मग म्हटलं, "ती चूक माझी आहे."

एक बोट नुसत्या अंदाजावर पाठवायची म्हणजे दुसरीकडं कुणीतरी छतावर बसून आणखी दोन तास वाट बघणार, हे साहेबांना आणि मलाही कळत होतं. तेवढ्यात दादा हातात फोनची नोंदवही घेऊन आला. मी आबांशी बोलत होते तेव्हा तो आलेल्या फोनांच्या नोंदी चाळत बसला होता. दोन दिवसांपूर्वीची एक नोंद त्यानं बोटानं दाखवली. पुण्याकडं कंपनीत कामाला असलेल्या एका माणसाचा फोन होता. वडील, बायको आणि तान्ही मुलगी मेंढरांबरोबर माळावर आहेत, फोन लागत नाही. पुढं "ठिकाण" या रकान्यात नुसतं "माळ" लिहिलेलं. त्या पट्ट्यात माळ तर पावलोपावली आहेत. फोन घेणाऱ्यानं गावात विचारलंही होतं, पण ती मंडळी लेकीच्या गावाला गेली असतील असं गावातून कुणीतरी सांगितलं आणि नोंद तिथंच राहिली.

साहेबांनी नोंद दोनदा वाचली आणि वायरलेस उचलला.

बोट आधीची फेरी संपवून तिकडं निघेपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासात मी दुसरं काही केलं नाही असं म्हणता येणार नाही, यादीतली राहिलेली छपरं तपासत होते. पण प्रत्येक वेळी फोन वाजला की मान वळायची. दिवस मावळायच्या आधी बोटीवरच्या जवानाचा उपग्रहावरून चालणाऱ्या फोनवरून फोन आला. तो अक्कलकोटकडचा होता आणि घाईत त्याच्या तोंडी अर्धं कानडी येत होतं.

"सर, माळावर माणसं आहेत. एक म्हातारा, एक बाई, लहान बाळ. आणि कुरी... मेंढरं हो सर, शंभरच्या वर. बाई आणि बाळ बोटीत घेतलंय. म्हातारा येत नाही म्हणतो."

"येत नाही म्हणजे?" साहेब म्हणाले. "उचलून आणा."

"तो जाळीला धरून बसलाय सर."

साहेब वैतागले होते आणि त्यांचं वैतागणं चूक नव्हतं. वरून आणखी पाणी सोडल्याचा निरोप आला होता, ते मध्यरात्रीपर्यंत त्या पट्ट्यात पोचणार होतं. मी म्हटलं, "साहेब, मी बोलू का त्यांच्याशी?" त्यांनी फोन माझ्याकडं दिला.

काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी दुसऱ्या फोनवर आबांना लावलं आणि पटकन सांगितलं. आबा म्हणाले, "त्याला या म्हणू नगंस. मी बी आलो नसतो. त्याला इचार, काय पायजे."

मी जवानाला फोन म्हाताऱ्याकडं द्यायला सांगितलं आणि तसंच विचारलं. "बाबा, मी सोलापुरातनं बोलतेय. मीही मेंढरांच्या घरातली आहे. तुम्हाला तिथं काय लागेल ते सांगा."

पलीकडं वारा घोंघावत होता. मग एक थकलेला आवाज आला. "पानी लई वाडनार हाय का तेवडं सांगा. बाकी काय नगं."

हे मात्र आम्हाला सांगता येत होतं. एका कालव्याच्या कामासाठी आमच्याच ऑफिसनं तो सगळा पट्टा आदल्या वर्षी ड्रोननं मोजला होता. कुठली जमीन किती उंच याचा नकाशा दादाकडं होता. त्यानं तो उघडला आणि त्यावर पाणी चढवत नेलं. पडद्यावर माळ बारीक होत गेला. आत्ता वाघर होती ती जागा पूर्ण बुडत होती. उत्तरेकडचं टोक वर राहत होतं.

"बाबा, उत्तरेच्या अंगाला एक मोठी बाभळ आहे ना? तिच्या वरच्या बाजूला मेंढरं न्या. तिथं पाणी येणार नाही."

"त्ये मला ठावं हाय, बाय. समद्यात उंच तीच जागा. पर तितं न्हेता येत न्हाय." ते शांतपणे म्हणाले. "तितं सापं गोळा झाल्यात. सारा माळ सोडून बाभळीखाली बसल्यात. मेंढरं पाऊल टाकीनात."

मी दादाकडं पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. उपग्रहाला साप दिसत नाहीत आणि ड्रोनलाही नाहीत. तो नकाशावर परत वाकला. पाणी चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. मग त्यानं पडद्यावर पश्चिमेच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं एक जुना, रुंद बांध होता, अर्धा मोडलेला. त्याच्या मागं जमिनीचा एक फुगवटा. बघणाऱ्याला तो सपाटच वाटला असता, इतका हळू चढत जाणारा. पण आत्ताच्या जागेपेक्षा तो कमरेएवढा उंच होता.

"बाबा, मावळतीकडं जुना बांध आहे. त्याच्या मागच्या जागेत न्या."

"तितं? ती जागा तर खोल वाटती."

"वाटते तशी. पण ती उंच आहे. आम्ही मोजलेली आहे."

तीन दिवस कुणी विचारायला न आलेला माणूस. एका अनोळखी बाईच्या शब्दावर, अंधार पडायच्या आत, भेदरलेली शंभर मेंढरं हलवायची की नाही, हे तो ठरवत होता.

"तुजा बा मेंढका हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"होय. आता थकलेत. पण आत्ता दुसऱ्या फोनवर ऐकतायत."

"त्याला इचार, तू खोटं बोलतीस का कदी."

मी दोन्ही फोन जवळ धरले. आबा म्हणाले, "पावनं, पोरगी खोटं बोलत न्हाय. मेंढरं हलवा. म्होरं जुनी मेंढी घाला, बाकीची मागनं येतील."

"त्ये मला शिकवू नगा," म्हातारा म्हणाला, पण आवाज जरा मोकळा झाला होता.

बोटीतल्या दोघा जवानांनी उतरून त्यांना मदत केली. वाघर सोडली आणि बांधामागं नेऊन बांधली. जवळचं पिण्याचं पाणी, बिस्किटं आणि एक बॅटरी त्यांच्यापाशी ठेवली. मग सून आणि बाळाला घेऊन बोट परतली.

सकाळी सहाला नवा रडार फोटो आला. बाभळीकडचं टोक एक ठिपका होऊन उरलं होतं. वाघरेची जुनी जागा काळी झाली होती. बांधामागं करड्या रंगाची एक चिंचोळी पट्टी तेवढी होती. रडारच्या फोटोत मेंढरं कळत नाहीत, त्यामुळं त्या पट्टीवर कोण आहे आणि कोण नाही हे बोट पोचेपर्यंत समजणार नव्हतं. साडेआठला तोच अक्कलकोटकडचा जवान बोलला. म्हातारा उभा होता. मेंढरं उभी होती. गारठ्यानं काही कोकरं गेली होती, आणि एक जुनी मेंढी. बोटीनं त्या दिवशी दोन फेऱ्या केल्या त्या फक्त चाऱ्याच्या. त्यानंतर दोन दिवसांनी पाणी ओसरलं आणि म्हातारा आपल्या पायांनी, मेंढरं पुढं घालून, चिखलातून बाहेर आला.

पुढच्या आठवड्यात नुकसानीची पाहणी करणाऱ्या पथकाबरोबर मी मंद्रूपला गेले. पूरग्रस्तांची सोय एका शाळेत केली होती. वर्गातले बाक एका बाजूला रचून सतरंज्या अंथरल्या होत्या. सून तिथं भेटली. वय असेल बावीस-तेवीस. बाळ मांडीवर झोपलं होतं. मीच ती फोनवरची, हे कळल्यावर तिनं मला बसायला जागा केली आणि शेजारच्या बाईकडून चहा मागवला.

तिनं मला ते तीन दिवस सांगितले. दूध कमी पडायला लागलं तेव्हा मेंढीचं दूध पाण्यात मिसळून, बोटावर घेऊन बाळाला चाटवलं. ताडपत्रीत पाणी साचलं की ती उभी राहून डोक्यानं ढकलायची, कारण हात बाळात गुंतलेले. सासरे रात्रभर मेंढरांशी बोलत राहायचे. एकदा विमानाचा आवाज आला तेव्हा तिनं ओढणी हलवली, पण विमान ढगांच्या वर होतं.

मग तिनं विचारलं, "तुमी वरनं बगत हुता न्हवं?"

"होय."

"पयल्या दिवसापासनं?"

"होय."

"मग आमी पयल्याच दिवशी का न्हाय दिसलो?"

ती रागानं बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पहिल्या दोन दिवसांत ढग होते, साधा फोटो नव्हता, असं मी सांगू शकले असते आणि ते खरंही होतं. पण तिसऱ्या दिवशी फोटो आल्यावरही यंत्रानं त्यांना मोजलं नव्हतं. मी तिला जेवढ्या सोप्या शब्दांत सांगता येईल तेवढं सांगितलं. यंत्राला आपण दाखवू तेच कळतं. मी त्याला घरं दाखवली. मेंढरं दाखवली नाहीत. मेंढरं दिसली तर त्याकडं बघू नकोस, असंच एक प्रकारे मी त्याला शिकवलं होतं. का, तेही सांगितलं. माझ्या घरात मेंढरं होती आणि ते लोकांना कळू नये असं मला वाटायचं.

तिनं ऐकून घेतलं. बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आता तर कळलं की लोकास्नी. मग शिकवा आता त्याला."

चहा आला. आम्ही तो प्यायलो. मला वाटलं होतं ती काहीतरी लागेल असं बोलेल, आणि ते ऐकून घ्यायची तयारी मी करून गेले होते. तिनं मला बाळ घ्यायला दिलं आणि स्वतः सासऱ्यांची भाकरी बांधायला उठली. ते अजून शाळेत राहायला तयार नव्हते. बाहेर पटांगणाच्या कडेला मेंढरांजवळच त्यांनी बस्तान मांडलं होतं. मी त्यांच्याकडं गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुज्या बाचं गुडगं कसं हायती?" आबांनी त्यांना ते कधी सांगितलं, कोण जाणे. पूर ओसरल्यापासून दोघांचे फोन चालू होते, हे मला नंतर समजलं.

ऑफिसात परत आल्यावर मी दादाला सांगितलं की जुने सगळे फोटो पुन्हा उघडायचे आहेत. तो म्हणाला, "सगळे?" मी म्हटलं, "सगळे. मेंढरांसाठी वेगळं नाव हवं." त्यानं हरकत घेतली नाही. पण एक गोष्ट बोलला ती माझ्या लक्षात राहिली. "तू तेव्हाच सांगितलं असतंस तर मी नाव वाढवलं असतं. मला कळणार कसं? मी मेंढरू जवळून पाहिलं ते सुद्धा शाळेच्या सहलीत."

मी आबांना सोलापूरला बोलावून घेतलं. तीन दिवस ते माझ्या शेजारी खुर्चीवर, टोपी मांडीवर ठेवून बसले. मी फोटो उघडायचे आणि ते सांगायचे. "ही मेंढरं." "ही न्हवं, शेणखताचं ढीग हायती." "ह्या शेळ्या, बग कशा इस्कटल्यात. मेंढरं अशी फाकत न्हायती." दादा आधी लांबून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि वही घेतली. मेंढरं उन्हात कशी उभी राहतात, पावसात वाऱ्याकडं पाठ कशी करतात, बसवलेली जागा दुसऱ्या दिवशी काळपट कशी दिसते, असं सगळं त्यानं आबांकडून लिहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं आईला फोन केला आणि तेलुगूत बराच वेळ काहीतरी सांगितलं. त्यात "आबा" हा शब्द मला दोन-तीनदा ऐकू आला.

मॉडेल आता बरीचशी मेंढरं ओळखतं. सगळी नाही. शेणखताचे ढीग अजून त्याला फसवतात, आणि संध्याकाळच्या लांब सावल्यांत ते गोंधळतं. म्हणून यादी शेवटी मी अजूनही डोळ्यांनी तपासते. साहेबांनी त्यांच्या बाजूनं एक केलं. पावसाळ्याआधी गावोगावच्या मेंढपाळांचे फोन नंबर मागवले आणि नोंदवहीत "माळ" एवढंच लिहिलेलं चालणार नाही, असं बजावलं. कुठला माळ, कुणाच्या रानाशेजारी, हे विचारायचंच.

म्हातारबाबांना अशा नियमाची गरज नाही. ते जागा बदलली की मला स्वतःच फोन करतात. मागच्या आठवड्यातही आला होता. बांधामागच्या त्या उंचवट्यावर यंदा आधीच पाल टाकलंय म्हणाले. नात आता चालायला लागली आहे आणि कोकरांच्या मागं पळते. सून दुपारी पाणी आणायला गेली की तिला सांभाळायचं काम त्यांच्याकडं असतं, आणि मेंढरांपेक्षा ते अवघड आहे.

मी त्यांची जागा नकाशावर टिपून घेतली. आबांना त्यांनी जत्रेला बोलावलंय. गुडघ्यांचं कारण चालणार नाही, गाडी पाठवतो म्हणालेत. आबांनी अजून होय म्हटलेलं नाही, पण आईनं त्यांचं नवं धोतर कपाटातून बाहेर काढून ठेवलंय.